‘सर्व्हर डाऊन आहे’

प्रश्न : आम्ही नाशकात पाथर्डी फाट्याला राहतो. लग्नाला १२ वर्षं झाली, मुलगा ९ वर्षांचा आहे. घरात ५ वर्षांचा कुत्रा आहे, शेरू, २४ किलोचा. दोन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही विषारी खाल्लंय का? उंदराचं औषध वगैरे?" मिस्टर म्हणाले, "नाही, आमच्याकडे तसलं काही ठेवतच नाही." तेवढ्यात मुलगा रडत म्हणाला, "मी त्याला द्राक्षं दिली होती." मिस्टर लगेच म्हणाले, "मग तेच असणार." रक्त तपासलं. किडनी ठीक निघाली, प्लेटलेट थोड्या कमी होत्या, म्हणून गोचीड ताप धरून औषध सुरू झालं. सोमवारी रात्री शेरूला श्वास घेता येईना. दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तर छातीत रक्त साठलेलं. त्याच्या अंगाखाली घालायला फडकं हवं म्हणून मी स्कूटरची डिकी उघडली आणि आत उंदराच्या केकचं फाटकं पाकीट मिळालं, ब्रोमॅडिओलोन लिहिलेलं. मग मिस्टरांनी कबूल केलं, की पार्किंगमध्ये उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडल्या म्हणून बुधवारी ठेवला होता.

त्याच रात्री २५,००० रुपये आधी भरायला सांगितले. आमच्या जॉइंट खात्यात अडीअडचणीसाठी १,८०,००० होते. मिस्टरांनी फोन हातात घेतला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "सर्व्हर डाऊन आहे." मी माझ्या भिशीच्या पैशातून भरले. नंतर पाहिलं तर खात्यात २,३१८ रुपये. आधी म्हणाले, मित्राला ४०,००० उसने दिले. दोन दिवसांनी म्हणाले, शेअर बाजारात ऑप्शन्समध्ये गेले. या आठवड्यात त्यांच्या फोनवर हप्त्याचा मेसेज दिसला, म्हणजे कर्जही आहे.

शेरूला रक्त चढवलं, तो वाचला. घरी येऊन आठ दिवस झाले. मिस्टर म्हणतात, "गोळ्या महाग आहेत, तो बरा दिसतोय, बंद करू. आणि तू घाबरशील म्हणून बोललो नाही, झालं गेलं सोड." सासूबाई म्हणतात, "दारू नाही, बाईचा नाद नाही, एका कुत्र्यापायी संसार मोडतेस का?" माहेरी जाऊ का? यांच्यावर विश्वास ठेवू का? काही सुचत नाही.

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं बोलू. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, गोळ्या थांबून चालणार नाहीत.

शेरू बरा दिसतोय तो गोळ्यांच्या जोरावर. रक्त गोठवणारे काही घटक यकृत बनवतं, त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागतं, आणि एकदा वापरलेलं के शरीर पुन्हा ताजं करून वापरतं. ब्रोमॅडिओलोन ही ताजं करण्याची सोयच बंद पाडतं. अंगात आधीचे घटक शिल्लक असतात तोवर कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. ते संपले की कुठूनही रक्त सुटतं : नाक, हिरड्या, शी, सांधे, छाती. म्हणून बुधवारी ठेवलेला केक रविवारी नाकातून दिसला. खाणं आणि रक्त दिसणं यात तीन ते पाच दिवस जाणं ही या विषाची खूणच. माणसं फसतात तीही इथेच, कारण चार दिवसांपूर्वी कुत्र्याने काय हुंगलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्या घरी एकाच्या लक्षात होतं, त्याकडे पुढे येतोच.

हे विष यकृतात काही आठवडे मुक्काम ठोकतं. के-१, म्हणजे शेरूच्या गोळ्यांतलं के जीवनसत्त्व, म्हणूनच साधारण तीन ते चार आठवडे रोज द्यावं लागतं. आज बंद केलं तर उद्या काही होणार नाही, परवाही बहुधा नाही, आणि तुमचे मिस्टर म्हणतील, "बघ, काही झालं का?" मग पुन्हा रक्तस्राव. नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे दिवसाला २.५ ते ५ मिलिग्रॅम असतो, म्हणजे शेरूला दिवसभरात ६० ते १२० मिलिग्रॅम, बहुतेक वेळा सकाळ-संध्याकाळ विभागून. तुमच्या चिठ्ठीवरचा आकडा या पट्ट्यात बसतो का बघा. बसत नसेल तर मनाने बदलू नका, डॉक्टरांना फोन करा. गोळी रिकाम्या पोटी दिली तर बरीचशी वाया जाते, कारण के स्निग्ध पदार्थात विरघळतं. जेवणात चमचाभर तूप घाला किंवा उकडलेल्या अंड्यात गोळी दाबून द्या.

गोळ्या महाग पडतात म्हणून घरात कुणी स्वस्तातलं "व्हिटॅमिन के" आणून ठेवेल, त्याची भीती जास्त. दुकानात के-३ सुद्धा याच नावाने मिळतं, पट्टीवर मेनाडिओन किंवा तत्सम नाव असतं. या विषावर ते उपयोगाचं नाही. पट्टीवर फायटोमेनाडिओन किंवा फायटोनाडिओन लिहिलेलं तुम्ही स्वतः वाचल्याशिवाय गोळी देऊ नका.

गळ्याचा पट्टा काढा, छातीचा हार्नेस घाला. जिन्यावरून उड्या, चेंडू, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती आणि हाडं चघळणं गोळ्या संपेपर्यंत बंद. माणसांची दुखण्यावरची गोळी अजिबात नको. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन रक्तस्राव वाढवतात. स्नायूत इंजेक्शन द्यायची वेळ आली तर देणाऱ्याला आधी हा इतिहास सांगा. रोज सकाळी ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा : पांढरी पडते, आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट दिसली, खोकला आला, धाप लागली, शी डांबरासारखी काळी झाली किंवा अचानक लंगडायला लागला, तर सकाळची वाट न बघता निघा. गोचीड तापाचं औषध अजून चालू असेल तर ते आता लागतं का हेही विचारून घ्या.

मग पार्किंग. मिस्टरांना बरोबर घेऊन खाली जा. पाकिटात किती केक होते, किती ठेवले, कुठे कुठे ठेवले, किती उरले, हा हिशेब जागेवर जुळवा. शूरॅकच्या मागे, मीटरच्या पेटीखाली, जिन्याच्या कोपऱ्यात. बॅटरी लावून बघा. हातमोजे घालून उचला, दुहेरी पिशवीत बांधा. मेलेला उंदीर सापडला तर तोही तसाच उचला, विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजराला आणि कुत्र्यालाही बाधा होते. सोसायटीच्या ग्रुपवर तारखेसह सरळ लिहून टाका, की अमुक औषध ठेवलं होतं, आता काढलंय, कुणाचं लहान मूल किंवा प्राणी तिकडे गेला असेल तर लक्ष ठेवा. हे मिस्टरांनी लिहायचं, तुम्ही नाही. उंदरांसाठी पुढे पिंजरा लावा, किंवा कुलूप असलेल्या आमिषपेटीतच औषध ठेवा. गाडीचं बॉनेट रात्री उघडं ठेवणं हा वायरी वाचवायचा जुना उपाय आहे. उंदराला अंधार आणि ऊब हवी असते.

आता दवाखान्यातल्या त्या प्रश्नाचं. नाकातून रक्त आणि कमी प्लेटलेट असं चित्र आपल्याकडे दिसलं की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा गोचीड तापच येणार, आणि ते बरोबरच आहे. विषाने रक्त वाहत असताना प्लेटलेटही थोड्या खपतात, त्यामुळे दोन्ही चित्रं एकमेकांसारखी दिसतात. त्यांना वेगळं करणारी गोष्ट एकच होती, खरं उत्तर. "पार्किंगमध्ये केक ठेवला होता" एवढं वाक्य आलं असतं तर निळ्या टोपीच्या नळीत रक्त घेऊन पीटी, म्हणजे गोठायला किती सेकंद लागतात ती तपासणी झाली असती आणि रविवारी दुपारीच के-१ सुरू झालं असतं. के-१ चा परिणाम दिसायला निम्मा दिवस तरी लागतो. म्हणजे सोमवारच्या रात्रीपर्यंत शेरूची गाडी बरीच रुळावर आली असती. छातीतलं रक्त नक्की टळलं असतं असं कुणी सांगू शकत नाही. शक्यता मात्र मोठी होती.

विष कोणतं हेही त्या उत्तरात असतं. बाजारात सुटी मिळणारी झिंक फॉस्फाइडची करडी-काळी पूड असती तर के-१ चा काडीचा उपयोग नव्हता. ती पोटातल्या आम्लात मिसळून विषारी वायू सोडते, तिच्यावर उतारा नाही, आणि कुत्र्याच्या उलटीजवळ बसलेल्या माणसालाही त्याचा त्रास होतो. केकच्या रंगावरून काही ठरवता येत नाही, पाकीट लागतं. ते पाकीट तुमच्याच स्कूटरच्या डिकीत होतं.

तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोलायचं तर केक ठेवणं हे खोटं नाही, निष्काळजीपणा आहे. शेरूने तो खाल्ला हे त्यांना ठाऊक नव्हतं असंही धरू. डॉक्टरांसमोर पहिल्या क्षणी "नाही" तोंडातून गेलं, तेही भीतीने, असंही धरू. पण रविवार सकाळ ते सोमवार रात्र म्हणजे जवळजवळ दीड दिवस. घरी येऊन एक फोन करायला तेवढा वेळ पुरेसा होता. कुणासमोर मान खाली घालावी लागणार नव्हती, तुम्हाला कळवायचीही गरज नव्हती. तो फोन झाला नाही. तुमच्या पत्रात १,८०,००० चा आकडा मोठा दिसतो, पण या न केलेल्या फोनकडे आम्ही जास्त काळजीने बघतो.

त्याहून जड गोष्ट मुलाची आहे. ९ वर्षांच्या पोराने रडत कबुली दिली आणि बापाने ती कबुली आडोशाला घेतली. पत्रात तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात. आमच्या मते सुरुवात इथून करायची, पैशांच्याही आधी.

मुलाला अजून वाटत असणार, की शेरूला माझ्यामुळे रक्त आलं. त्याला खरं सांगायचं, आणि ते बापाने सांगायचं. तुम्ही शेजारी बसा, पण वाक्यं पुरी करू नका. साधारण एवढंच : "शेरूला मी ठेवलेल्या उंदराच्या औषधाने झालं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही. तू द्राक्षांचं खरं सांगितलंस आणि मी तुझ्यावर ढकललं. ते माझं चुकलं." शेवटी "पण बाबा घाबरले होते रे" ही पुरवणी नको, ती मुलाला बापाची समजूत काढायला लावते. एक अडचण आहे, ती लक्षात असू द्या. द्राक्षांचा या रक्ताशी संबंध नव्हता, पण द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला खरोखरच वाईट असतात. त्याने किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ली तर चालतात असा भरवशाचा आकडा नाही. आपल्या नाशकात हंगामात घरोघरी पेटी असते, म्हणून डॉक्टरही विचारतात. तेव्हा मुलाला "द्राक्षं द्यायला हरकत नव्हती" असं सांगून मोकळं होऊ नका. "या वेळी द्राक्षांनी झालं नाही, आणि पुढे द्यायची नाहीत," अशी दोन वेगळी वाक्यं करा. ९ वर्षांच्या मुलाला ती कळतात.

पहिल्या डॉक्टरांनाही मिस्टरांनी फोन करावा. त्यांच्याकडच्या नोंदीत गोचीड ताप तसाच राहिला तर पुढच्या आजारात तो वाट चुकवेल.

आता पैसे. आतापर्यंत चार गोष्टी बाहेर आल्या : पाकीट, रिकामं खातं, ऑप्शन्स, कर्ज. त्यातल्या तीन तुम्हाला सापडल्या. एक त्यांनी सांगितली, तीही आधी मित्राचं नाव पुढे करून. अशी हप्त्याहप्त्याने येणारी कबुली माणसाला पार थकवते, कारण प्रत्येक वेळी वाटतं की आता तळ लागला. तेव्हा चौकशी थांबवा आणि कागद मागा. एक दिवस ठरवा, मुलगा आत्याकडे किंवा मामाकडे, दोन-तीन तास. त्यांचा फोन तुम्ही चोरून तपासू नका. सापडेल ते अर्धवट सापडेल आणि तुम्ही घरातल्या पोलीस होऊन बसाल. त्यांनी तुमच्यासमोर बसून एकेक उघडायचं.

प्रत्येक बँक खात्याचं दोन वर्षांचं स्टेटमेंट, बँकेनेच दिलेलं पीडीएफ. स्क्रीनशॉट घेऊ नका, त्यात हवी तेवढीच तारीख पकडता येते.

त्यांचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्यांच्या नावावरच्या कर्जांची नोंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो ज्याचा त्यालाच काढता येतो. यात फसगत होते ती नावांची. कर्ज ॲपवरून घेतलं असेल तर रिपोर्टमध्ये ॲपचं नाव दिसेलच असं नाही, मागे पैसे पुरवणाऱ्या वित्त कंपनीचं नाव दिसतं. अनोळखी नाव दिसलं की विचारा. खालची "एन्क्वायरी" ही यादीही वाचा, कुठे कुठे कर्ज मागितलं होतं ते तिथे असतं, मिळालं नसलं तरी.

शेअर बाजाराचं म्हणाल तर डिमॅटच्या एकत्रित स्टेटमेंटवर विसंबू नका. ऑप्शन्स डिमॅटमध्ये राहत नाहीत, मुदत संपली की विरून जातात, आणि ते स्टेटमेंट अगदी स्वच्छ दिसतं. मागायचे ते ब्रोकरचे दोन कागद : लेजर, म्हणजे कधी किती पैसे आत गेले आणि बाहेर आले, आणि वर्षवार नफा-तोटा पत्रक. लेजरमध्ये आत गेलेले पैसे बँक स्टेटमेंटमधून गेलेल्या पैशांशी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर दुसरा ब्रोकर आहे किंवा दुसरं खातं आहे. जाता जाता, ऑप्शन्सचा व्यवहार करणाऱ्याने आयकराचा आयटीआर-१ हा फॉर्म भरून चालत नाही, तो धंद्याचा व्यवहार धरतात आणि आयटीआर-३ लागतो. वेळेत भरला तर तोटा पुढे आठ वर्षं ओढता येतो. सीएकडे जायचं काम हेही आहे.

पगाराची स्लिप बघायला विसरू नका. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामगारांच्या पतसंस्था असतात, त्यांचं कर्ज क्रेडिट रिपोर्टवर बऱ्याचदा येत नाही, पण हप्ता पगारातून कापला जातो. पीएफचं पासबुकही उघडायला सांगा, आगाऊ रक्कम काढली असेल तर दिसेल. सोनं स्वतः डोळ्यांनी बघा. बँकेत किंवा वित्त कंपनीत तारण असेल तर रिपोर्टवर दिसतं, सराफाकडे किंवा सावकाराकडे असेल तर कुठेच दिसत नाही. तुमचं स्त्रीधन तुमचंच आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही ते स्पष्ट केलंय. हातउसने हा एकच प्रकार असा, की जो त्यांनी सांगितल्याशिवाय कळणार नाही. नाव, रक्कम, तारीख असं एका वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या.

सगळी बेरीज झाली की लगेच तुमची एफडी मोडून देऊ नका. आधी सर्वात महागडं कर्ज. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. ती पहिली, मग ॲपचं कर्ज, मग बँकेचं, पतसंस्थेचं शेवटी. त्यांच्या एकट्याच्या नावच्या वैयक्तिक कर्जाला तुम्ही जबाबदार नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली की जबाबदार होता, तेव्हा या महिन्यात कुठल्याही कागदावर सही करू नका, घाई कितीही दाखवली तरी. तुमचा पगार किंवा भिशीचे पैसे तुमच्या एकटीच्या खात्यात ठेवा. जॉइंट खातं "दोघांच्या सहीने" असं करून घ्या. तो बदल दोघांनी मिळून अर्ज दिल्यावर होतो. त्या अर्जावर ते सही करतात की नाही यावरूनही तुम्हाला बरंच कळेल.

ब्रोकरकडे खातं स्वतःहून गोठवायची सोय २०२४ पासून आहे, ते तुमच्यासमोर गोठवायला सांगा. "एक चांगला ट्रेड लागला की सगळं भरून काढतो" हे वाक्य येईल, बहुधा आलंही असेल. सेबीने २०२४ मध्ये मांडलेला आकडा असा, की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या १०० वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ तोट्यात गेले. तुमचे मिस्टर काही जगावेगळे मूर्ख नाहीत, आणि जगावेगळे हुशारही निघणार नाहीत. खातं गोठवल्यावर ते बेचैन झाले, झोप उडाली, दुसऱ्याच्या नावाने खेळायचं बोलू लागले, तर हा सवयीचा आजार समजा. १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या फुकट क्रमांकावर मराठीत बोलता येतं, तिथून सुरुवात होईल.

या सगळ्याला पंधरा दिवसांची मुदत द्या आणि तारीख बोलून दाखवा. त्या तारखेपर्यंत तुम्ही एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं : किती कागद त्यांनी आणून दिले आणि किती तुम्हाला उकरावे लागले. आकडा ५ लाख निघाला पण सगळा त्यांनीच मांडला, तर घर सावरता येतं. आकडा २ लाखच निघाला पण बैठकीनंतर महिन्याभराने आणखी एक ॲप सापडलं, तर मात्र आमचं मत बदलतं. तेव्हा वकिलाशी बोला. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत सल्ला मिळतो. सल्ला घेतला म्हणजे घटस्फोट मागितला असं होत नाही. आणि कागद मागितल्यावर आवाज चढला, हात उगारला गेला, तर पंधरा दिवस वगैरे काही नाही, १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा पोलिसांचा ११२ लावा आणि त्याच दिवशी निघा.

तसं काही नसेल तर माहेरी आत्ता जाऊ नका. शेरूच्या गोळ्या चुकतील, आणि तुम्ही नसताना कागदांची बैठक होणार नाही. सासूबाईंशी वादही घालू नका. "कुत्र्यापायी नाही आई, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे खोटं बोलले, आणि पोरावर ढकललं," एवढं एकदा सांगा आणि स्वयंपाकाला लागा. त्यांना बहुधा पोराचं ठाऊकच नसेल.

शेरूची शेवटची गोळी झाली की ४८ ते ७२ तासांच्या मध्ये पीटी करायची, आधी नाही आणि नंतरही नाही. गोळी चालू असताना ती नॉर्मलच येते, उशीर केला तर रक्तस्राव आधी गाठतो. निळ्या टोपीच्या नळीत सायट्रेट असतं, त्याला ठरलेल्या मापाचंच रक्त लागतं, एका भागाला नऊ भाग. नळी रेघेपर्यंत भरली नाही तर आकडा उगाच वाढलेला येतो आणि आणखी महिनाभर गोळ्या मागे लागतात, म्हणून भरताना बघून घ्या. सुई काढल्यावर पाच मिनिटं कापसाने दाबून धरायचं. रिपोर्टवर दोन आकडे असतात : शेरूचे सेकंद आणि शेजारी कुत्र्यांसाठीची सामान्य मर्यादा. माणसांच्या लॅबमध्ये केली तर मर्यादा माणसांची छापून येते, ती धरू नका, डॉक्टरांकडून वाचून घ्या. आकडा वाढलेला आला तर गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू होतात आणि काही आठवड्यांनी हीच चाचणी परत. त्या दिवशी शाळा बुडाली तरी मुलाला बरोबर न्या. आणि डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "काय खाल्लं होतं याने?" तर उत्तर मिस्टरांना देऊ द्या.